एमपीआर की केएफएआय? ट्विन सिटीजमध्ये कान कुणाला द्यावा आणि पैसे कुणाला

मिनिॲपोलिस-सेंट पॉलला, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ट्विन सिटीजमध्ये, नव्यानं आलेल्या मराठी माणसाला गाडीत एक दिवस धक्का बसतोच. रेडिओवर ९१.१ एफएमला बातम्या चालू असतात आणि मधेच निवेदिका बातमी बाजूला ठेवून पैसे मागायला लागते. दरमहा पाच द्या, दहा द्या, पण द्या. हे दिवसचे दिवस चालतं. आपण वाढलो ते सरकारच्या रेडिओवर, नाहीतर जाहिरातींच्या रेडिओवर. ऐकणाऱ्यांनी राजीखुशीनं वर्गणी काढून चालवलेला रेडिओ हे प्रकरण बहुतेकांना नवीन. एकदा ते अंगवळणी पडलं की मग खरा प्रश्न येतो. या दोन शहरांत असे रेडिओ एकाहून जास्त आहेत. शहरातली माणसं, वस्त्या, सण, भांडणं समजून घ्यायची तर कुणाचं ऐकायचं? आणि खिशातून काही काढायचंच झालं तर कुणासाठी?

गंभीरपणे तुलना करावी अशी स्टेशनं दोन. एक मिनेसोटा पब्लिक रेडिओ, म्हणजे एमपीआर. दुसरं ९०.३ वरचं केएफएआय. माझं मत आधीच सांगून टाकतो: ऐकायला दोन्ही हवीत, पण त्यांच्याकडून अपेक्षा वेगवेगळ्या ठेवा. एमपीआर एका समाजाची गोष्ट बाकीच्या सगळ्यांना सांगतं. केएफएआयवर तो समाज आपल्याच लोकांशी बोलत असतो आणि आपण शेजारी बसून ऐकतो. यातलं तुम्हाला काय हवंय, त्यावर निवड ठरते.

एमपीआरचा जन्म या शहरांतला नाही. १९६७ साली कॉलेजव्हिल इथल्या सेंट जॉन्स या कॅथलिक विद्यापीठात बिल क्लिंग यांनी ते शास्त्रीय संगीताचं स्टेशन म्हणून सुरू केलं. आज मुख्यालय सेंट पॉलच्या डाउनटाउनमध्ये आहे आणि राज्यभर व शेजारच्या राज्यांत मिळून ४० हून अधिक स्टेशनांचं जाळं आहे. ट्विन सिटीजमध्ये त्याचे तीन अवतार: ९१.१ वर बातम्या, ९९.५ वर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि २००५ पासून ८९.३ वर ‘द करंट’, जिथे नव्या आणि स्थानिक बँड्सना जागा मिळते. लोकजीवनाचा विषय निघाला की सगळे ९१.१ वर बोट ठेवतात. पण शुक्रवारी रात्री शहरातली तरुण मुलं काय ऐकायला कुठे जमतात, हे ‘द करंट’वरच जास्त कळतं.

९१.१ च्या दिवसाचा मोठा हिस्सा राष्ट्रीय कार्यक्रमांचा आणि बीबीसीचा असतो, हे आधी लक्षात घ्यावं. स्थानिक ऐवज त्यांच्या मधे पेरलेला सापडतो. अँजेला डेव्हिस यांचा गप्पांचा कार्यक्रम हा त्यातला सर्वात मोकळा भाग. त्या पूर्वी इथल्या टीव्हीवर बातम्या द्यायच्या, त्यामुळे फोनवर आलेल्या अनोळखी माणसाला बोलतं करण्याची हातोटी चांगली आहे. ‘आर्ट हाउंड्स’ मात्र मला त्याहून आवडतं. दर आठवड्याला स्थानिक कलाक्षेत्रातली तीन माणसं कुठलं नाटक, प्रदर्शन किंवा मैफल बघण्यासारखी आहे ते सांगतात आणि कौतुक दुसऱ्याच्या कामाचं करायचं असतं. पाच-सात मिनिटांत शनिवार-रविवारची सोय होते. शिवाय ऑगस्टअखेर राज्याची जत्रा भरते, म्हणजे स्टेट फेअर, तेव्हा एमपीआरची माणसं तिथेच तळ ठोकून थेट कार्यक्रम करतात. जत्रेची गर्दी नको असेल तर घरी बसून रेडिओवर जत्रा करता येते. मी त्या पंथातला.

एमपीआरचं खरं वजन कळतं ते मात्र शहरात काही बिघडतं तेव्हा. २०१३ मध्ये त्यांच्या वार्ताहरांनी सेंट पॉल-मिनिॲपोलिसच्या कॅथलिक धर्मप्रांतानं मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांना कसं पाठीशी घातलं, ते कागदपत्रांनिशी बाहेर काढलं. पुढे तक्रारी, दावे आणि चौकशा वाढल्या. २०१५ च्या जानेवारीत धर्मप्रांतानं दिवाळखोरी जाहीर केली आणि जूनमध्ये आर्चबिशप नीनस्टेट पायउतार झाले. दुसरं काम २०१७ चं. त्याच्या आदल्या वर्षी जुलैमध्ये फाल्कन हाइट्समध्ये पोलिसानं गाडी थांबवून फिलँडो कॅस्टील या तरुणाला गोळ्या घातल्या. सेंट पॉलच्या एका शाळेत मुलांच्या जेवणाची व्यवस्था तो बघायचा. त्या पोलिसावरच्या खटल्याचा एमपीआरनं ‘७४ सेकंद्स’ नावाच्या पॉडकास्टमधून पाठपुरावा केला. पोलीस निर्दोष सुटला, मालिकेला पीबडी हा प्रसारणातला मानाचा पुरस्कार मिळाला. अशा कामाला पगारी वार्ताहर, वकील आणि महिनोन् महिने थांबायची ताकद लागते. स्वयंसेवकांच्या स्टेशनकडून ही अपेक्षा ठेवणं अन्यायाचं होईल.

आता केएफएआय. १९७८ मध्ये दक्षिण मिनिॲपोलिसमधल्या वॉकर चर्चच्या घंटाघरातून, अवघ्या १० वॉटवर ते सुरू झालं. पूर्ण नाव ‘फ्रेश एअर रेडिओ’. आता ते रिव्हरसाइड ॲव्हेन्यूवर आहे, म्हणजे सीडर-रिव्हरसाइड वस्तीत. आय-९४ महामार्गावरून जाताना रंगीबेरंगी तावदानांच्या चौकोनी उंच इमारती दिसतात ना, तीच वस्ती. राल्फ रॅप्सन या वास्तुरचनाकाराचं १९७३ मधलं ते काम. अमेरिकेतला सर्वात मोठा सोमाली समाज मिनेसोटात राहतो आणि त्याचं एक हृदय याच वस्तीत आहे. स्टेशनचा पत्ता आणि स्टेशनचा स्वभाव यांचं असं जुळणं फार कमी ठिकाणी दिसतं.

कार्यक्रम करणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. सोमाली, अम्हारिक, ह्मोंग, स्पॅनिश अशा भाषांतले कार्यक्रम इथे वर्षानुवर्षं होत आले आहेत. समलिंगी आणि ट्रान्स श्रोत्यांसाठीचा ‘फ्रेश फ्रूट’ तर स्टेशनच्या जन्मापासूनचा. ‘राइट ऑन रेडिओ’वर लेखक येऊन वाचतात, बोलतात. एका तासाला ब्लूज, पुढच्या तासाला पूर्व आफ्रिका, मग कुणी आपल्या घरच्या तबकड्यांच्या साठ्यातून काढलेली पोल्का. त्यामुळे सहज लावून बघू म्हणणाऱ्याची फसगत होते. नको ते लागलं की तो स्टेशन बदलतो, पुन्हा फिरकत नाही. केएफएआय ऐकायचं तर वेळापत्रक बघून, दोन-तीन कार्यक्रम निवडून, वार आणि वेळ लक्षात ठेवून ऐकायचं. लहानपणी बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लावायचे, तसं.

भाषा कळत नसेल तर ऐकून काय उपयोग, असं कुणी विचारेल. थोडं ऐकून बघा. दुसऱ्या भाषेतल्या कार्यक्रमातही इंग्रजी शब्द डोकावत राहतात: कुठल्या शाळेचं नाव, भाड्याचा आकडा, क्लिनिक, सिटी कौन्सिल, कुणाच्या तरी अंत्यविधीची जागा. एखाद्या समाजाला या आठवड्यात कशाची चिंता आहे, ते एवढ्यावरून जाणवतं. एमपीआरवर तीच गोष्ट आली तर नीट संपादित होऊन, पार्श्वभूमीसकट, चार मिनिटांत येईल. समजायला सोपी. पण ती तुम्हाआम्हाला समजावी म्हणून घडवलेली असते. ‘नॉर्थ स्टार जर्नी’सारखे एमपीआरचे उपक्रम राज्यातल्या निरनिराळ्या समाजांकडे आवर्जून जातात, आस्थेनं जातात, तरी त्यांचा सूर पाहुण्याचाच राहतो. यात एमपीआरचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. सगळ्यांसाठी बोलायचं म्हटलं की असं होणारच.

पूर्ण इंग्रजीतलंच हवं असेल तर केएफएआयच्या ‘मिनेकल्चर’पासून सुरुवात करा. स्थानिक कला, इतिहास, विस्मरणात गेलेल्या जागा आणि माणसं यांवरचे छोटे माहितीपट. हे काम एमपीआरच्या तोडीचं आहे आणि कधी कधी विषयाची निवड जास्त धीट असते.

म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखं एखादं सामुदायिक रेडिओ केंद्र ज्यांनी ऐकलंय, त्यांना केएफएआय लवकर उमगेल. एक फरक मात्र मोठा. भारतात खासगी एफएम किंवा सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं इतकंच. इथे चर्चच्या घंटाघरात सुरू झालेलं स्टेशनही महापौरांना, पोलीसखात्याला, घरमालकांना जाब विचारू शकतं.

दोघांच्या मधे आणखी दोन स्टेशनं आहेत, थोडक्यात सांगतो. ८८.५ वरचं केबीईएम, म्हणजे ‘जॅझ ८८’, मिनिॲपोलिसच्या सार्वजनिक शाळांचं आहे. स्टुडिओ नॉर्थ हायस्कूलमध्ये आणि तिथली मुलं खरोखर माइकवर बसून शिकतात. ८९.९ वरचं केएमओजे १९७६ मध्ये उत्तर मिनिॲपोलिसमधल्या सरकारी घरकुलांच्या वस्तीत सुरू झालं. कृष्णवर्णीय शेजाऱ्यांचं शहर त्यांच्या तोंडून ऐकायचं तर तिकडेच जायला हवं. संगीत भरपूर, पण गाण्यांच्या मधली बोलणी ऐका.

व्यवहाराचं बोलायचं तर सिग्नल हा केएफएआयचा मोठा लंगडेपणा. एमपीआरचं ९१.१ एक लाख वॉटचं, केएफएआय ९०० वॉटचं. शहराच्या मध्यभागी स्वच्छ लागतं. पण आपली मराठी मंडळी जिथे जास्त राहतात, त्या ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह अशा उपनगरांत, त्यातही तळघरात बसलात तर खरखर ठरलेली. उपाय सोपा आहे, फोनवर किंवा संगणकावर लावा. हिमवादळाच्या सकाळी मात्र एमपीआरला पर्याय नाही. रस्ते, तापमान, वाऱ्याचा जोर, सगळं कळतं. केएफएआयवर त्याच वेळी कुणीतरी निवांत रेगे लावून बसलेलं असू शकतं. (स्नो इमर्जन्सीत, म्हणजे बर्फ काढण्यासाठी पार्किंगचे नियम बदलतात तेव्हा, गाडी कुठल्या बाजूला लावायची यासाठी कुठल्याच रेडिओवर विसंबू नका. मिनिॲपोलिस आणि सेंट पॉलचे नियमही वेगळे आहेत. महापालिकेकडून फोनवर थेट सूचना घ्या, नाहीतर टोइंगवाल्याची भेट ठरलेली.)

पैशांचा भाग जरा नीट बघायला हवा, कारण तुम्ही आधीच थोडे देत आहात. २००८ च्या नोव्हेंबरात मिनेसोटाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकर टक्क्याच्या तीन अष्टमांशानं वाढवून घेतला, २०३४ पर्यंत. लोकांनी स्वतःहून कर वाढवून घेतला, हे पुन्हा वाचा. ते पैसे पाणी, जंगलं, उद्यानं आणि कला-संस्कृती यांत वाटले जातात. कला-संस्कृतीच्या हिश्श्यातून एमपीआरलाही निधी मिळतो आणि केएफएआयसारख्या स्वतंत्र स्टेशनांनाही. ‘मिनेकल्चर’ त्याच पैशांवर उभं राहिलं. किराणा आणि कपड्यांवर इथे राज्याचा विक्रीकर नाही, त्यामुळे तांदूळ आणि स्वेटर घेताना रेडिओला काही जात नाही. पण १०० डॉलरचा मिक्सर घेतलात तर ३७.५ सेंट या निधीत जमा होतात.

केंद्राकडून येणारा पैसा मात्र आटला. २०२५ च्या जुलैमध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले ११० कोटी डॉलर परत घेतले आणि तो पैसा स्टेशनांना वाटणाऱ्या महामंडळानं ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. फटका दोघांनाही बसला. पण मोठ्या घराला आणि छोट्या घराला बसलेला फटका सारखा नसतो. एमपीआरच्या मागे राज्यभरचे सभासद, मोठे देणगीदार आणि प्रायोजक कंपन्या आहेत. केएफएआयला महिन्याचे दहा डॉलर देणारा नवा माणूस मिळाला, तर तो तिथे जाणवतो.

म्हणून रोज तासभर गाडीत घालवणाऱ्या, उपनगरात राहणाऱ्या, विधिमंडळ, शाळा आणि हवामान एवढंच हवं असलेल्या माणसानं एमपीआर घ्यावं आणि तिथेच पैसे द्यावेत. आपण ज्याचं रोज खातो, त्याला देणं सरळ आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या वेस्ट बँक कॅम्पसवर शिकणारे विद्यार्थी, शहरात भाड्यानं राहणारी जोडपी, संगीताचा नाद असलेले लोक आणि ‘इथे इतकी वर्षं झाली पण ओळखी फक्त मंडळातल्या’ असं वाटणारे, यांनी केएफएआयकडे जावं. शिवाय तिथे नुसतं ऐकणारं राहायची सक्ती नाही. स्टेशन स्वयंसेवकांवरच चालतं, तेव्हा चौकशी करायला हरकत नाही.

उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांचा प्रश्न वेगळा. दिवसभर घरी ते, बाहेर जायला गाडी नाही, आणि मुलगा-सून कामावर. त्यांना ९१.१ लावून द्या. निवेदक सावकाश, स्पष्ट बोलतात आणि आठवडाभरात रस्त्यांची, तळ्यांची, गावांची नावं कानाला सरावतात. राजकारणाचा कंटाळा आला तर ९९.५.

माझं स्वतःचं गणित असं: कान दिवसातला बराच वेळ एमपीआरला, मासिक देणगी केएफएआयला. देणगी सुरू करण्याआधी तुमची कंपनी मॅचिंग देते का ते एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्या तेवढीच रक्कम वर घालतात आणि अर्ज न केल्यामुळे ती राहून जाते.