मेडिकल लायब्ररियनची मुंबईतली कॉन्फरन्स: वर्कशॉपसाठी जरूर जा, पहिल्या दिवसाचं मात्र काहीतरी करा

दादरला झालेली मेडिकल लायब्ररियन लोकांची दोन दिवसांची कॉन्फरन्स अटेंड केली, फीडबॅक फॉर्मवर चारच ओळींची जागा होती, त्यात काही मावेना म्हणून सविस्तर लिहितेय. मी उपनगरातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या लायब्ररीत एकटीच आहे, म्हणजे अ‍ॅक्सेशन रजिस्टरपासून (आलेल्या पुस्तकांची नोंदवही) रेसिडेंट मुलांच्या थीसिसच्या सर्चपर्यंत सगळं माझ्याकडेच, त्यामुळे कॉन्फरन्सकडून माझी अपेक्षा एकच असते, की परत कामावर बसल्यावर डॉक्टरांना आधीपेक्षा चांगली सर्च करून देता आली पाहिजे. त्या हिशोबाने दुसऱ्या दिवशीचं सर्चचं वर्कशॉप पूर्ण पैसे वसूल, आणि पहिल्या दिवसाची सकाळ जवळजवळ वाया.

आधी वर्कशॉपबद्दल. मॅडमनी स्लाइड अगदी मोजक्या दाखवल्या, बाकी वेळ सगळ्यांना लॅपटॉपवर पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, उघडून बसवलं. प्रश्न दिला तो थेट ओपीडीतला, गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला मेटफॉर्मिन द्यायचं की इन्सुलिन. आधी पिको पाडून घेतला, म्हणजे प्रश्नाचे चार भाग, पेशंट कोण, औषध कोणतं, तुलना कशाशी आणि परिणाम कुठला बघायचाय, मग प्रत्येक भागासाठी मेशचे, म्हणजे लेखांना लावायच्या ठरलेल्या विषय-यादीतले, शब्द आणि टायटल-अ‍ॅबस्ट्रॅक्टमधले साधे शब्द दोन्ही घेऊन ते ऑरने जोडायचे (यातला कुठलाही चालेल) आणि शेवटी हे गठ्ठे एकमेकांना अँडने (सगळे हवेतच). एवढं आपल्याला एम.लिब.ला शिकवलेलं असतं, पण का करायचं ते इतकं नीट मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. पबमेडमध्ये साडेतीन कोटींच्या वर नोंदी आहेत आणि त्यातल्या सगळ्यांना मेश लागलेलं नसतं, त्यामुळे फक्त मेशवर राहिलं की तेवढे पेपर गेले, आणि फक्त साध्या शब्दांवर राहिलं की लेखकाने वेगळा शब्द वापरलेले पेपर गेले. शिवाय २०२२ पासून मेडलाइनचं, म्हणजे पबमेडच्या मुख्य भागाचं, इंडेक्सिंग (लेखांना मेशचे शब्द लावणं) मशीनच करतं आणि माणसं त्यातले निवडक पेपर तपासतात, म्हणजे मेश लवकर लागतं पण ते बरोबर लागलंय का ते आपण डोळ्यांनी बघायला शिकलं पाहिजे, हा मॅडमचा मुद्दा मला फार पटला.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे सगळ्यांना नडते. अ‍ॅनिमिया, पेडिअ‍ॅट्रिक, ईडिमा असल्या शब्दांचं ब्रिटिश स्पेलिंग वेगळं आणि अमेरिकन वेगळं, भारतीय जर्नलांमध्ये दोन्ही सापडतात. नुसता शब्द टाकला तर पबमेड स्वतःहून बरंचसं जुळवून घेतं, पण आपण टायटल-अ‍ॅबस्ट्रॅक्टचा टॅग लावला की ही आपोआप जुळवणी बंद होते आणि जे स्पेलिंग टाकलं तेवढंच शोधलं जातं. हॉलमध्ये आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी दोन्ही स्पेलिंगने करून बघितलं, दोन्ही याद्या वेगळ्या आल्या. असं स्वतःच्या हाताने करून बघितलेलं डोक्यातून जात नाही.

सर्च जशीच्या तशी, तारखेसकट लिहून ठेवायची यावरही त्यांनी भरपूर वेळ दिला. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून तपासणाऱ्या लेखाची) सर्च रिपोर्ट कशी करायची यासाठी २०२१ मध्ये प्रिस्मा-एस नावाची १६ मुद्द्यांची यादी आली, ती छापून प्रत्येकाच्या हातात दिली होती. कोणता डेटाबेस, कुठल्या प्लॅटफॉर्मवर, कुठली मर्यादा लावली, डुप्लिकेट कसे काढले, सगळं त्यात येतं. रेसिडेंट मुलं थीसिसची सिनॉप्सिस (आराखडा) सबमिट करायच्या आदल्या संध्याकाळी येतात आणि म्हणतात मॅडम पटकन दहा रेफरन्स काढून द्या, त्यांना समजवायला ही यादी फार उपयोगी पडणार आहे.

पहिल्या दिवशी दुपारी एका ज्येष्ठ सरांचं भाषण झालं आणि ते मला या सगळ्याचा गाभाच वाटलं. त्यांनी २००१ ची अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सची घटना सांगितली. दम्यावरच्या एका अभ्यासात २४ वर्षांच्या निरोगी मुलीला हेक्सामेथोनियम श्वासावाटे दिलं, तिच्या फुप्फुसांवर परिणाम झाला आणि ती गेली. संशोधकाने पबमेड बघितलं होतं, पण तेव्हा त्यात १९६६ च्या आधीचं काही नव्हतं आणि या औषधाचा फुप्फुसांना त्रास होतो हे सांगणारे लेख १९५० च्या दशकातल्या छापील जर्नलांत पडून होते. आमच्याकडे जागेसाठी बाउंड व्हॉल्यूम, म्हणजे जुन्या जर्नलांचे बांधलेले खंड, रद्दीत काढायचा विषय सारखा निघतो आणि मला तिथे नेमकं काय बोलावं सुचत नाही. आता सुचेल. प्रत्येक जुना खंड ठेवलाच पाहिजे असं नाही, सरही तसं म्हणाले नाहीत, पण काढायच्या आधी त्या वर्षांचं कुठे डिजिटल मिळतंय का आणि दुसऱ्या कुणाकडे तो संच आहे का हे तपासणं लायब्ररियनचं काम आहे आणि ते मॅनेजमेंटला लेखी कळवायचं, हे त्यांनी अगदी ठामपणे सांगितलं.

त्याच ओघात जुन्या कागदांवरचं छोटं सेशन झालं, तेही छान. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, हे आपल्याला माहीत असतं, पण त्या काळचे रिपोर्ट मुंबईच्या पावसात टिकवायचे कसे हे कोण सांगतं? सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, कसर दिसली तर ते पुस्तक आधी वेगळं करा. सगळं बिनखर्चाचं. या सेशनला अर्धाच तास दिला होता, दीड तास तरी हवा होता.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनच्या (सरकारने जर्नलांची वर्गणी एकत्र भरून सरकारी संस्थांना ती वाचायला द्यायची योजना) पॅनलने मात्र निराशा केली. योजना मोठी आहे आणि चांगली आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅबिनेटने मंजूर केली, २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० ई-जर्नल, आणि सहा हजारांच्या वर सरकारी संस्था. पॅनलमधले सगळेच सरकारी संस्थांचे, त्यामुळे चर्चा लॉगिन कसं करायचं आणि युसेज रिपोर्ट कसा काढायचा याभोवतीच फिरली. मी उठून विचारलं की आमच्यासारखी ट्रस्टची हॉस्पिटलं यात बसत नाहीत, पेशंट तर त्याच वस्त्यांमधले येतात, आमच्या डॉक्टरांनी पेपर कुठून आणायचे. उत्तर मिळालं की पुढे बघू, मग वेळ संपली. हॉलमध्ये माझ्यासारख्या बऱ्याच जणी होत्या हे नंतर चहाच्या वेळी कळलं. फुकट लेखांसाठी पबमेड सेंट्रल आहे, डीओएजे आहे, डेलनेट या लायब्ररींच्या नेटवर्कवरून लेख मागवता येतो, लेखकाला मेल करता येतो, हे सगळं आम्ही करतोच, पण निदान पॅनलवर आमच्यातलं एक माणूस बसवायला हवं होतं.

एआयचं सेशन ठीकठाक. चॅटबॉटकडून रेफरन्स मागवले आणि ते स्क्रीनवरच पबमेडमध्ये तपासले, त्यातले काही अस्तित्वातच नव्हते, लेखकांची नावं आणि जर्नल खरं वाटेल असं पण पेपर नाहीच. रेसिडेंटना हे प्रत्यक्ष दाखवलं पाहिजे. बाकी बोलणं नेहमीचंच होतं.

आता पहिल्या दिवसाची सकाळ. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग मंचावरच्या प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि प्रत्येकाचं मनोगत. सत्कार व्हावेत, आयुष्य घालवलेली माणसं आहेत आणि आपल्या पेशाचं कौतुक बाहेर कुणी करत नाही हेही खरं, पण कार्यक्रम इतका लांबला की पेपर वाचणाऱ्या मुलींना बारा मिनिटांऐवजी पाच मिनिटं मिळाली. एक मुलगी सोलापूरहून रात्रीच्या गाडीने आली होती, नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मराठीतून सर्च शिकवण्याचा तिचा प्रयोग होता, पूर्ण कॉन्फरन्समधला सगळ्यात वेगळा विषय, आणि तिला निष्कर्षावर यायच्या आधीच बेल मारली. मला याचं फार वाईट वाटलं. सत्कार संध्याकाळी जेवणाआधी ठेवा, लोक थांबतील.

व्यवस्था एकंदर चांगली. हॉल स्टेशनपासून चालत, त्यामुळे सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्हीकडच्यांना सोयीचं. जेवण गरम आणि साधं, दुसऱ्या दिवशीची मटकीची उसळ तर लोकांनी परत परत घेतली. एसी फार गार होता. वायफाय वर्कशॉपच्या वेळी बंद पडलं, सगळ्यांनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम केलं, आणि प्लग पॉइंट फक्त भिंतीच्या कडेला होते, तेव्हा जाणार असाल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या. वर्कशॉपच्या सीट मर्यादित असतात आणि रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये त्याचा वेगळा कॉलम आहे, तो बऱ्याच जणांना दिसलाच नाही आणि त्यांना दारातून परत जावं लागलं, तो आधी भरा.

वर्कशॉपमधल्या लोकांनी निघता निघता एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय, कुणीही आपली सर्च टाकायची आणि बाकीच्यांनी प्रेस या सर्च तपासायच्या चेकलिस्टने ती तपासायची. मिरजेच्या एका सरांनी सर्पदंशाची सर्च टाकली, त्यात प्राण्यांवरचे अभ्यास वगळायला नॉट वापरलं होतं आणि त्यामुळे माणसं आणि प्राणी दोन्हींवरचे पेपरही गळत होते, ते संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून दुरुस्त करून दिलं. आयोजकांना विनंती की पुढच्या वेळी पहिल्या दिवशी दुपारपासूनच वर्कशॉप दोन बॅचमध्ये घ्या, आणि ट्रस्ट आणि छोट्या हॉस्पिटलांच्या लायब्ररियनसाठी एक तास वेगळा ठेवा, त्या तासाची तयारी करायला मी आणि ग्रुपमधल्या अजून काही जणी तयार आहोत, तसं मेलनेही कळवलंय.