कॅलरी मोजायच्या की ताटाचे भाग पाडायचे?

वजन उतरवायचं पक्कं झालं, पण रोज कॅलरी मोजायच्या की ताटाचे भाग पाडून जेवायचं, यावर मैत्रीण अडली होती. मी दोन्ही करून पाहिलंय.

अचूकपणात मोजणीच पुढे. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला 4 कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ 9. म्हणून कढईत सहज ओतलेलं मोठा चमचाभर तेल जवळपास 120 कॅलरींचं निघतं. मोजल्याशिवाय हे लक्षातच येत नाही. ताटाच्या पद्धतीत तर ते भाजीत बेमालूम लपतं.

कष्ट मात्र मोजणीत फार. प्रत्येक पदार्थ तोलायचा, लिहायचा. बाहेर जेवलं की सगळा अंदाजच. ताटात अर्धी भाजी, पाव भाग प्रथिनं, पाव भाग धान्य एवढंच पाहायचं. भाजीतल्या तंतूंमुळे पोटही भरतं, म्हणून ही सवय टिकते.

खर्च? फार तर एक छोटा वजनकाटा.

वजन हलत नसेल आणि कारण कळत नसेल, तर दोन-तीन आठवडे मोजाच. घरातल्या सगळ्यांसाठी रांधणाऱ्यांनी ताट धरावं. खाण्याची आधीच धास्ती वाटत असेल, तर आकड्यांच्या वाटेला जाऊ नका. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर काहीही बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.