ओपीटीचे ९० दिवस आणि एक ऑफर लेटर

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिक्षण संपलं की ओपीटीवर, म्हणजे आपल्या विषयातलं काम करण्याच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. पण त्या काळात बिनकामाचे दिवस एकूण ९० च्या वर गेले, तर व्हिसाच धोक्यात येतो. ही मोजणी ईएडी कार्डावरच्या (कामाच्या परवान्यावरच्या) सुरुवातीच्या तारखेपासून होते. माझे ५२ दिवस गेले होते, रात्री झोप लागत नव्हती, आणि नेमका तेव्हाच एका कन्सल्टन्सीचा फोन आला.

माणूस मराठीत बोलत होता. "मला दादा समज. उद्या इंटर्न म्हणून लेटर देतो, तुझे दिवस थांबतील." मराठी ऐकलं आणि मी अर्धी तिथेच विरघळले.

दुसऱ्या दिवशी लेटर खरंच आलं. डेटा अ‍ॅनालिस्ट इंटर्न, आठवड्याला ४० तास. पगाराच्या ओळीत लिहिलं होतं, 'प्रोजेक्ट मिळाल्यावर ठरेल'. ती ओळ मी वाचली होती, तरी विचारलं नाही. एसईव्हीपी पोर्टलवर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी साइटवर, त्या कंपनीचं नाव मी माझ्या हाताने भरलं. मग तिसऱ्या दिवशी ट्रेनिंगचे ६०० डॉलर मागितले, तेही भरले. ट्रेनिंग म्हणजे रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंची एक लिंक. मॅनेजर नाही, टीम नाही, कामही नाही.

दोन आठवड्यांनी माझ्या नावाचा नवा रिझ्युमे आला. त्यात चार वर्षांचा अनुभव! त्यातली पहिली नोकरी ज्या वर्षी 'सुरू' झाली, त्या वर्षी मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. "पाठ कर, इंटरव्ह्यूला विचारतात." शिवाय पुढच्या २४ महिन्यांच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित शिकलेल्यांसाठीच्या) मुदतवाढीचं आत्ताच करून ठेवू म्हणून आय-९८३ फॉर्मचं फक्त सहीचं पान पाठवलं.

मी आख्खा फॉर्म शोधून वाचला. काय शिकवणार, कोण देखरेख करणार, पगार किती, हे सगळं त्यात लिहावं लागतं, आणि ते खरं असल्याचं सांगत मालक आणि विद्यार्थी दोघेही सही करतात. स्टेमच्या मुदतीत बिनपगारी काम चालत नाही आणि कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाचा परवाना तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली असावीच लागते. मी तो नोंदणी क्रमांक मागितला. दोन दिवस फोन उचलला नाही. मग उत्तर आलं, "एवढे प्रश्न असतील तर लेटर रद्द करतो, तुझे दिवस तू बघ."

पायाखालची जमीन सरकली, पण त्याच दुपारी मी विद्यापीठातल्या डीएसओकडे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "तू तिथे आठवड्याला किती तास काम करतेस? कुणाच्या हाताखाली?" नियम किमान २० तासांचा आहे. माझ्याकडे सांगायला एक तासही नव्हता. मी सगळं खरं सांगितलं. नोंद दुरुस्त झाली आणि ते मधले दिवस माझ्या खात्यात बेकारीचे म्हणून जमा झाले.

ही लाज सोसली ते बरं झालं. खोटी माहिती देऊन इमिग्रेशनचा लाभ घेतल्याचं सिद्ध झालं, तर अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. मिशिगनमधलं फार्मिंग्टन हे बनावट विद्यापीठ तर सरकारी तपास यंत्रणेनेच सापळा म्हणून उघडलं होतं. २०१९ मध्ये ते उघडकीला आलं तेव्हा विद्यार्थी पुरवणाऱ्या दलालांना शिक्षा झाल्या, पण पकडल्या गेलेल्यांपैकी बऱ्याच विद्यार्थ्यांनाही, आणि त्यात बहुतेक आपलेच होते, देश सोडावा लागला. 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होईल, या भरवशावर कुणी राहू नका.

सुटकेचा रस्ता डीएसओंनीच दाखवला. पहिल्या १२ महिन्यांत आपल्या विषयाचं बिनपगारी कामही चालतं, फक्त ते आठवड्याला किमान २० तास हवं आणि कामगार कायद्यात बसायला हवं. माझ्या प्रोफेसरांनी लॅबमध्ये घेतलं, तासांसकट पत्र दिलं. तोवर ७९ दिवस झाले होते. पैसे परत मिळाले नाहीत. लॅबमधल्या कामावरच पुढे पगाराची नोकरी मिळाली.

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअर मुलीने ऑफर लेटरचा फोटो पाठवला. कंपनीचं नाव वेगळं, पगाराची ओळ तीच. तिचे ६१ दिवस झालेत. रात्री फोनवर बसून आम्ही दोघींनी तिच्या प्रोफेसरांना मेल लिहिला.