८००० लुमेनचा सायकल लाइट, किंमत ७४९ रुपये

शॉपिंग अॅपवर सायकलचा रिचार्जेबल पुढचा लाइट शोधला, की हजाराच्या आतल्या बऱ्याच लाइटांवर ५०००, ८०००, १०,००० लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) असले आकडे दिसतात. मी घेतलेल्या लाइटच्या खोक्यावरही होते. एका बाजूला ‘८००० लुमेन’, दुसऱ्या बाजूला बॅटरीची क्षमता ‘५००० एमएएच’ आणि खाली बारीक अक्षरात ‘फुल मोडवर ६ तास’. चार्जिंग टाइप-सी, टक्केवारी दाखवणारा छोटा पडदा, काळी धातूची दिसणारी बॉडी, वॉटरप्रूफ. चार पूर्णांक काहीतरी तारे आणि हजारो रिव्ह्यू.

हे तीन आकडे एका खोक्यावर नांदूच शकत नाहीत. गणित शाळेतलंच आहे. लिथियम सेलचं सरासरी व्होल्टेज ३.७ धरतात. ५००० एमएएच म्हणजे ५ अॅम्पिअर-तास. गुणिले ३.७ केलं की साडेअठरा वॉट-तास. सायकलच्या लाइटमध्ये बसवलेली बरी एलईडी वॉटमागे शंभरेक लुमेन देते, फार चांगली असली तर थोडे जास्त. मग ८००० लुमेनला ८० वॉट लागणार आणि साडेअठरा वॉट-तासांची बॅटरी त्याला जेमतेम चौदा मिनिटं पुरणार. सहा तास कुठून आणायचे? शिवाय ८० वॉटमधला मोठा हिस्सा उष्णता होऊन बाहेर पडतो. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॉटची असते. मुठीत मावणाऱ्या डब्यात तसल्या दोन इस्त्र्या चालू ठेवल्या, तर हँडलवर काही शिल्लक राहणार नाही.

घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेनचा असतो. गाडीच्या हेडलाइटचा एच-४ हॅलोजन बल्ब हाय बीमवर १६५० च्या आसपास देतो. म्हणजे ७४९ रुपयांत दोन मोटारींच्या चारही हेडलाइटांपेक्षा जास्त उजेड देतो, असा त्या विक्रेत्याचा दावा होता.

आता हे सगळं आधीच का सुचत नाही, तर लाइट घरी येतो तेव्हा तो खरंच डोळे दिपवतो. संध्याकाळी हॉलमधले दिवे बंद करून भिंतीवर मारा. निळसर पांढरा, लख्ख गोल पडतो आणि घरचे सगळे ‘वा’ म्हणतात. चार फुटांवरच्या भिंतीवर ३०० लुमेनही तसेच दिसतात. धंद्याची पहिली पायरी ही. लाइटची परीक्षा भिंतीवर होते, रस्त्यावर होईपर्यंत रिटर्नची मुदत सरत आलेली असते.

आमचा पुण्यातला सायकल ग्रुप धायरीवरून पहाटे खडकवासला, डोणजे, खानापूर असा पानशेतच्या बाजूला जातो. खडकवासल्यापर्यंत रस्त्यावर दिवे आहेत, तिथवर कोणताही लाइट शहाणाच वाटतो. खानापूरच्या पुढे मिट्ट काळोख असतो. तिथे या लाइटचा उजेड पुढच्या चाकाच्या आसपास आणि झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. मधला, म्हणजे जिथे खड्डा असतो तो, रस्ता अंधारातच. समोरून येणारा प्रत्येक दुचाकीवाला डिपर मारत होता, कारण त्याच्या डोळ्यांत मात्र व्यवस्थित जात होता. थोड्या वेळाने शेजारून चालवणारे काका म्हणाले, “अरे, तुझा लाइट चालू आहे का?” पडद्यावर ७८ टक्के दिसत होते. उजेड इतका हळूहळू उतरला होता की डोळे सरावत गेले आणि माझ्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या उतारावर तो एकदम गेला. समोर पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक होता. काकांच्या लाइटच्या उजेडात तो दिसला, इतकंच.

दुसऱ्या दिवशी अॅपवर रिटर्नची विनंती टाकली, कारणात ‘वर्णनाप्रमाणे नाही’ निवडलं. खरी फसवणूक इथून पुढे आहे, आणि सायकल न चालवणाऱ्यांनीही हा भाग वाचावा.

विनंती टाकल्यावर तासाभरात फोन आला. बोलणारा अतिशय गोड. “सर, रिटर्न कॅन्सल कर दीजिए, हमारा अकाउंट डाऊन हो जाता है. पूरा पैसा मैं खुद यूपीआय कर देता हूँ, लाइट भी आप रख लीजिए.” माझं नाव, ऑर्डर क्रमांक, पत्ता, सगळं त्याच्याकडे होतं, त्यामुळे तो विक्रेत्याचाच माणूस हे उघड होतं. ‘विश्वासासाठी’ म्हणून त्याने बोलता बोलता शंभर रुपये पाठवले. ते खरोखर जमा झाले. मी रिटर्न रद्द केलं. मग उरलेल्या ६४९ रुपयांसाठी त्याने व्हॉट्सअॅपवर एक क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआयमध्ये पिन टाकायचा तो पैसे जाताना (किंवा शिल्लक बघताना). येणाऱ्या पैशाला ना स्कॅन लागतं ना पिन. मी हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, सिस्टीम बदलली आहे सर. मी नाही म्हटलं, तो उद्या करतो म्हणाला आणि त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही. अॅपवर पुन्हा रिटर्न टाकायला गेलो, तर ‘या ऑर्डरवर विनंती एकदाच करता येते’ असा संदेश. शंभर रुपये कशासाठी होते ते तेव्हा कळलं: १०० रुपयांत त्याने माझा रिटर्नचा हक्क विकत घेतला होता. मी स्कॅन करून पिन टाकला असता तर खात्यातलेही पैसे गेले असते.

मग लाइट घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने दोन स्क्रू काढून त्याचं पोट उघडलं. धातूची वाटणारी बॉडी रंगवलेलं प्लॅस्टिक निघाली. एलईडीची उष्णता बाहेर नेणारी अॅल्युमिनियमची पट्टी होती, पण ती बॉडीला कुठे चिकटलेलीच नव्हती, नुसती दाखवायला. आत एकच सेल, १८६५० जातीचा. हा आकडा क्षमतेचा नाही, मापाचा आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. बाजारात सहज मिळणाऱ्या उत्तम १८६५० सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास असते. त्यावर ५००० छापलेलं असेल तर ते खोटं, आणि ९९०० छापलेले सेलही सर्रास मिळतात. ५००० चा खरा सेल असतो, पण तो २१७०० मापाचा, म्हणजे जाडीला आणि लांबीला मोठा. तो या लाइटमध्ये मावलाच नसता.

दुरुस्तीवाल्याने सेल सोन्याचांदीच्या छोट्या काट्यावर ठेवला. ३३ ग्रॅम. “चांगला सेल पंचेचाळीसच्या पुढे भरतो साहेब. यात माल कमी आहे.” त्याच्या टेस्टरवर क्षमता हजाराच्या थोडी वर आली. टक्केवारीचं कोडंही त्यानेच सोडवलं. पडदा फक्त व्होल्टेज बघून आकडा दाखवतो. लिथियम सेलचं व्होल्टेज मधला बराच वेळ फारसं हलत नाही आणि शेवटी धाडकन पडतं, म्हणून ७८ वरून थेट शून्य. बऱ्या लाइटमध्ये एलईडीला एकसारखा करंट देणारं ड्रायव्हर सर्किट असतं. ते इथे नव्हतं, त्यामुळे सेल उतरेल तसा उजेड उतरणार. सेलला जास्त चार्ज होण्यापासून वाचवणारं सर्किटही नव्हतं. “रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका,” एवढं त्याने दोनदा बजावलं.

उघडायची सोय नसेल तरी घरबसल्या एक परीक्षा करता येते. यूएसबी मीटर नावाची छोटी वस्तू तीनचारशे रुपयांत मिळते. ती चार्जर आणि लाइटच्या मधे लावायची. पूर्ण उतरलेला लाइट पूर्ण भरेपर्यंत किती वॉट-तास गेले ते ती दाखवते. मीटर नसेल, पण लाइट किती करंट घेतो ते माहीत असेल, तर घड्याळ पुरतं. माझा लाइट अर्धा अॅम्पिअर घेत दोन तासांत भरायचा. ५ व्होल्ट गुणिले अर्धा, गुणिले दोन, झाले ५ वॉट-तास, त्यातले काही वाटेत वाया. खोक्यावर छापलेत साडेअठरा. ही परीक्षा पार्सल आलं त्याच रात्री करा.

वडिलांना हे सगळं सांगितलं तर ते त्यांच्या डायनामोवर गेले. पुण्यात तेव्हा सायकलला दिवा नसला की पोलीस थांबवायचे, कधी चाकातली हवा सोडून द्यायचे. त्या डायनामोवर ६ व्होल्ट, ३ वॉट लिहिलेलं असायचं आणि तो तीनच वॉट द्यायचा. “उजेड कमी होता, पण खोटा नव्हता,” असं त्यांचं म्हणणं. वळणावर वेग कमी झाला की दिवा मंदावायचा, हे मात्र ते सोयीस्करपणे विसरतात.

पैशांचं पुढे काय झालं ते सांगतो. आधी अॅपच्या मदतकेंद्राशी चॅट केलं, तिथे ‘मुदत संपली’ हे एकच उत्तर वेगवेगळ्या नावांनी मिळालं. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क अॅपवर देणं बंधनकारक आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. या मेलमध्ये मी उजेडाचा वाद घातलाच नाही. उजेड कमी की जास्त यावर ते तुमच्याशी वर्षभर भांडू शकतात. मी खोक्याचे सहा बाजूंचे फोटो जोडले. त्यावर आयातदाराचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, एमआरपी नव्हती, निर्मितीचं महिना-वर्ष नव्हतं. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापांच्या, २०११ च्या नियमांप्रमाणे हे सगळं पाकिटावर लागतं, आणि ते नाही हे फोटोत कुणालाही दिसतं. लिथियम सेलला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी लागते, तो ‘आर’ने सुरू होणारा क्रमांकही कुठे नव्हता. असा क्रमांक असेल तर बीआयएस केअर अॅपवर टाकून तो खरा की खोटा हे बघता येतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली निघाली. तेही जोडलं. फोनवाल्याच्या शंभर रुपयांच्या व्यवहाराचा आणि क्यूआरचा स्क्रीनशॉटही.

त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपुढे ठेवते. पण चॅटवर दाद न देणाऱ्या कंपनीचा त्यानंतर स्वतःहून फोन आला आणि ७४९ रुपये खात्यात परत आले. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. क्यूआर स्कॅन होऊन पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर, तोही लगेच. तिथे मिनिटांचा फरक पडतो.

रिव्ह्यूंबद्दल राहिलं. नंतर मी ते ‘सर्वांत जुने आधी’ लावून वाचले. खालचे सगळे मोबाइल कव्हरचे होते. ‘रंग छान आहे’, ‘कॅमेऱ्याची जागा बरोबर’. जुन्या वस्तूच्या पानावर फोटो आणि नाव बदलून लाइट चढवला होता, तारे आयतेच मिळाले. रिव्ह्यूतले ग्राहकांनी टाकलेले फोटो आधी बघावेत, दोन मिनिटांचं काम आहे.

स्वस्तात काय घ्यायचं, हे ग्रुपवर सगळेच विचारतात. नुसत्या शहरात, दिव्यांच्या रस्त्यांवर फिरणार असाल तर १५०-२०० लुमेन पुरतात. तिथे लाइट इतरांना आपण दिसावं म्हणून असतो. पानशेत किंवा जुना कात्रज घाट अंधारात उतरायचा असेल तर खरे ४०० ते ६०० हवेत. लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो रस्त्यावर किती पडतो हे भिंग ठरवतं आणि ते लक्समध्ये मोजतात. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा उजेड वरून कापलेला असावा लागतो, गाडीच्या लो बीमसारखा, आणि दहा मीटरवर किमान १० लक्स. असा लाइट आकड्याने लहान दिसतो आणि खड्डा मात्र दाखवतो. माझ्या पाहण्यात प्रामाणिक लाइट पंधराशेच्या पुढे सुरू होतात. ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणारे तर हँडलवर दोन लावतात, कारण ३०० किलोमीटरला वीस तास मिळतात आणि रात्र चुकत नाही. खोक्यावर मोडप्रमाणे लुमेन आणि तासांचा तक्ता आहे का ते बघा. ‘४०० लुमेन, २ तास’ असं लिहिणाऱ्याचं गणित जुळतं: ४०० गुणिले २ झाले ८००, भागिले वॉटमागचे १०० लुमेन, आठ वॉट-तास, एका साध्या सेलमध्ये आरामात बसणारे. शक्य असेल तर सायकलच्या दुकानातून, बिलासह घ्या. दुकानदार दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो.

माझे पैसे आले, पण वस्तू अॅपवर अजून आहे. विक्रेत्याचं नाव बदललं आहे, फोटो तोच, आणि लुमेन आता १२,००० झाले आहेत. ती जाहिरात काढायची माझी वेगळी तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ आहे. कुणाला असाच फोन आला असेल तर रिटर्न रद्द करू नका, आणि बिल व खोक्याचे फोटो जपून ठेवून १९१५ वर नोंद करा. एका विक्रेत्याविरुद्ध एकच तक्रार असली की तो सुटा प्रसंग ठरतो.