कोठडीतले दिवस मोजायचे कुणी? मोफत वकील सेवेचं परीक्षण, खान्देशातल्या घरच्यांसाठी

घरातला माणूस चोरीच्या गुन्ह्यात आत गेला आणि खासगी वकिलाची फी झेपत नाही, अशा घरासाठी हे परीक्षण आहे. सेवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी ती जिल्हा न्यायालयाशी जोडलेली आहे आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा सांगणारी) आणि नागरिक सुरक्षा संहिता (अटक, जामीन, खटल्याची पद्धत सांगणारी) लागू झाल्या. शिक्षेच्या आणि सुटकेच्या नियमांत तेव्हा जे बदल झाले, ते कच्च्या कैद्यापर्यंत, म्हणजे खटला चालू असलेल्या कैद्यापर्यंत, पोहोचतात की नाही हे बऱ्याच अंशी या सेवेवर ठरतं. म्हणून कायदा आणि सेवा इथे एकत्रच तपासले आहेत.

आधी खर्चाचं. कोठडीत असलेल्या कुणालाही वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांनाही उत्पन्न न बघता ही सेवा आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून कैद्याच्या बायकोला कुणी परत पाठवत असेल, तर ते चूक आहे. फौजदारी प्रकरणं बघायला ‘लोक अभिरक्षक’ नावाची व्यवस्था आहे. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात, खासगी वकिली करत नाहीत. झेरॉक्सच्या नावाखालीही पैसे द्यायचे नाहीत. कुणी मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्यावं. हेल्पलाइन १५१०० आहे.

आता या सेवेचं खरं काम. सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की खटला चालू असताना आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढला, तर त्याला जामिनावर सोडावं. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना हे लागू नाही. जुन्या कायद्यात निम्म्याचाच नियम होता, एक तृतीयांश नवीन आहे. १ जुलै २०२४ च्या आधी दाखल झालेल्या प्रकरणांनाही तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं.

उदाहरण शेतातल्या मोटारीच्या केबलचं घेऊ. उघड्या शेतातून केबल कापून नेली तर न्याय संहितेचं कलम ३०३(२), कमाल ३ वर्षं. म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याला १२ महिन्यांनी सुटकेचा हक्क, बाकीच्यांना १८ महिन्यांनी. तीच केबल शेतातल्या कुलूपबंद खोलीतून गेली तर कलम ३०५, कमाल ७ वर्षं. तेव्हा एक तृतीयांश म्हणजे २८ महिने आणि निम्मे म्हणजे ४२. चोरी शेतातली की खोलीतली, हे पंचनाम्यातल्या एका ओळीवर ठरतं आणि त्या ओळीची किंमत १६ महिने असते. वकिलाची पहिली भेट होईल तेव्हा दोषारोपपत्राआधी पंचनामा वाचून घ्या.

एवढं थांबण्याआधी एक गोष्ट तपासायची. अशा गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्काने मिळतो. पण त्यासाठी अर्ज लागतो, आणि तो दोषारोपपत्र येण्याआधी द्यावा लागतो.

दिवस मोजायची जबाबदारी कायद्याने कारागृह अधीक्षकावर टाकली आहे: मुदत भरली की त्याने लगेच न्यायालयाला लेखी अर्ज द्यायचा. ही तरतूद चांगली आहे, पण मोजणी चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मोजणी अटकेच्या दिवसापासून करायची, पोलीस कोठडीही त्यात धरायची, पण कारागृहाचं रजिस्टर कैदी तिथे आला त्या दिवसापासून सुरू होतं. एका कारागृहातून दुसरीकडे हलवलं की आधीचे दिवस जुन्या रजिस्टरमध्येच राहतात. आरोपीमुळे खटला लांबला असेल तर तेवढा काळ वजा होतो, म्हणून रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत) तारीख कुणी मागितली हे बघावं लागतं. साक्षीदार आला नाही किंवा पोलीस बंदोबस्त मिळाला नाही म्हणून गेलेली तारीख आरोपीच्या माथी मारता येत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा कलम ४७९ च्या पोटकलम २ चा आहे. आरोपीवर एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. केबलचोरीत एकदा नाव आलं की आसपासच्या तीन-चार गावांच्या उघड न झालेल्या चोऱ्या त्याच माणसावर दाखवल्या जाऊ शकतात. मग पहिल्यांदाच सापडलेला पोरगाही एक तृतीयांशाच्या बाहेर फेकला जातो. सुधारणेचा अर्धा जीव या पोटकलमाने काढून घेतला आहे, आणि तो बदलायला हवा. तोवर प्रत्येक गुन्ह्यात वेगळा जामीन अर्ज टाकत राहणं हाच मार्ग आहे.

जामीनदाराबद्दल मात्र घरच्यांनी एक गोष्ट पाठ करून ठेवावी. एक तृतीयांशवाल्याला ‘बंधपत्रावर’ सोडायचं असं कलम म्हणतं, आणि त्याच संहितेच्या व्याख्येत बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर सुटका. जामीनदार मागता येतो तो निम्म्या मुदतीवाल्याला. तरी सवयीने ‘सॉल्व्हंट (ऐपतदार) जामीनदार आणा’ असा हुकूम होऊ शकतो, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं सातबाऱ्यासाठी वणवण करतात. वनपट्ट्यावर कसणाऱ्याकडे ऐपतीचा दाखला निघेल असा मालकीचा सातबारा असतो कुठे? वकिलाने तिथेच उभं राहून व्याख्येकडे बोट दाखवायला हवं. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाला स्वतःहून अट शिथिल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या केंद्राच्या गरीब कैदी योजनेत दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची सोय आहे, तीही सचिवांमार्फतच हलते.

समाजसेवेची शिक्षा ऐकायला फार छान आहे. न्याय संहितेतल्या सहाच गुन्ह्यांना ती आहे. त्यांतला एक म्हणजे ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी: पहिलीच शिक्षा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवाच द्यायची. असा गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र ठरतो, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. सगळं किमतीवर अडतं. पंचनाम्यात ‘अंदाजे ७,०००’ लिहिताना बिल पाहिलेलं नसतं, आणि सहा पावसाळे पाहिलेल्या केबलला नव्याचा भाव लावला जातो. मीटरमध्ये लांबी, केबलचं वय आणि दुकानाचं बिल ही तीन कागदं वकिलाने मागायलाच हवीत. केबल जाळून तांबं भंगारात गेलं असेल, तर किंमत भरून द्यायची तयारी लेखी द्यावी. कलम ३०५ मध्ये मात्र माल कितीही स्वस्त असो, ही सवलत नाही. आणि किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली काम करायचं, यावर संहिता गप्प आहे. ‘समाजाच्या उपयोगाचं, बिनमोबदला काम’ एवढीच व्याख्या. या भागाला आमच्याकडून निम्मेच गुण.

गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्याची तडजोड, म्हणजे प्ली बार्गेनिंग, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत करता येते. महिला किंवा मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात नाही. अर्ज आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. वकिलाची नेमणूक उशिरा झाली की ही मुदत निघून जाते. पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला कमाल शिक्षेच्या एक षष्ठांशापर्यंत खाली येता येतं. कलम ३०५ मध्ये ते १४ महिने होतात, आणि कोठडीतले दिवस त्यातून वळते होतात. म्हणजे चौदा महिने आत काढलेला माणूस त्याच दिवशी घरी येऊ शकतो, २८ महिन्यांची वाट न बघता.

मोह मोठा आहे, म्हणूनच सावध राहा. ही शिक्षाच असते. पुढे कधी नाव आलं तर ‘पहिल्यांदाच’ची सवलत गेली, आणि कलम ३०३ च्या चोरीत दुसऱ्यांदा शिक्षा झाली की किमान एक वर्ष सक्तमजुरी. अशा निकालावर नेहमीचं अपीलही नाही. कबुली स्वेच्छेची आहे का, हे न्यायाधीश आरोपीला एकट्याला विचारून खात्री करून घेतात. पावरी किंवा भिलीच बोलणाऱ्या माणसाला हा प्रश्न मराठीत विचारून त्याने मान हलवली, याला स्वेच्छा म्हणता येत नाही. दुभाषी मागा, आणि मागितला हे रोजनाम्यात यायला हवं.

आरोपी २१ च्या आतला असेल तर तडजोडीआधी १९५८ चा परिवीक्षा कायदा बघा. त्या वयात तुरुंग द्यायचा झाला तर न्यायालयाला कारणं नोंदवावी लागतात. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं तर शिक्षेमुळे येणारी अपात्रताही लागत नाही, म्हणजे पोलीस भरतीसारख्या स्वप्नांचं दार निदान कायद्याने बंद होत नाही. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला पहिल्याच तारखेला द्यावा. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला वेळ लागतो, तो निकालाच्या दिवशी मागून उपयोग नाही.

एकूण सेवा घेण्यासारखी आहे, हे ठामपणे सांगतो. पूर्णवेळ वकील, शून्य खर्च आणि कारागृहात जाऊन भेटण्याची सोय हे तिचं बळ. कमजोरी अशी की एकेका वकिलाकडे फायली खूप आणि तारखांचा हिशोब ठेवायला वेगळा माणूस नाही. म्हणून पहिल्या भेटीला एक कागद न्या: अटकेची तारीख, कलमं, सीएनआर क्रमांक (हा १६ अक्षरी असतो, ई-कोर्ट्सवर त्यानेच प्रकरण सापडतं), पूर्वी शिक्षा आहे की नाही, दुसरं प्रकरण कुठे चालू आहे का, आणि एक तृतीयांश कोणत्या तारखेला भरतो. ती तारीख तांबड्या शाईने लिहा आणि फाइलच्या वरच्या पानाला टाचून द्या. त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी कारागृहाकडून कोठडीच्या कालावधीचा दाखला मागवायचा अर्ज गेला पाहिजे.