झाडाच्या वलयातला कार्बन: लेझर की मास स्पेक्ट्रोमीटर?

टिंबर मार्केटमधून सागाची चकती आणली, पॉलिश पेपरने घासली की सागाची वलयं एकदम मोजता येतात, हंगामाच्या सुरुवातीची मोठी भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात, म्हणून तर पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएममध्येही (उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था) सागावर इतकं काम झालंय.

आता कार्बन मोजायचा कसा? मास स्पेक्ट्रोमीटरची (अणू-रेणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्राची) पद्धत जुनी आणि भरवशाची, वलयातलं सेल्युलोज (लाकडाचा मुख्य घटक) काढायचं, जाळायचं आणि तयार झालेल्या सीओटूमध्ये कार्बन १३ (जड) आणि १२ (हलका) चं प्रमाण बघायचं, कमी पावसाच्या साली ते बदलतं. पण लाकूड जळून जातं आणि मशीन महाग.

लेझरवाली पद्धत मला जास्त आवडते कारण ती लाकडात अडकलेला गॅसच (खोडाच्या श्वसनातला सीओटू) मोजते, म्हणजे वलयाचा तुकडा व्हॅक्यूममध्ये ठेवायचा, गॅस बाहेर येतो, त्यावर १० मायक्रॉनच्या आसपास तरंगलांबीचा लेझर चालू-बंद करत मारायचा, सीओटू तो शोषून तापतो, दाब वरखाली होतो आणि मायक्रोफोनला चक्क आवाज ऐकू येतो! फक्त गॅस शेजारच्या वलयात सरकू शकतो, सेल्युलोज जागचं हलत नाही. म्हणून कुठल्या साली पाऊस कमी होता हे शोधायचं तर मास स्पेक्ट्रोमीटरच घ्या, खोडाच्या श्वसनाचं बघायचं तर लेझर.