आमच्या घरातल्या दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या: वॉरफरिन आणि अ‍ॅपिक्सबॅन

आमच्याकडे एकाच टेबलावर गोळ्यांचे दोन डबे आहेत, आईचा वॉरफरिनचा आणि बाबांचा अ‍ॅपिक्सबॅनचा. आईला मेटलचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयातली एक झडप) आहे, बाबांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित. दोन्ही गोळ्यांचं काम एकच, गुठळी होऊ द्यायची नाही (रक्त पातळ बितळ काही होत नाही, गोठायला वेळ लागतो एवढंच, पण सगळेच पातळ म्हणतात तर मीही तेच म्हणते). आणि भीतीही एकच, डोक्यात ब्लीडिंग. आईच्या बाबतीत ते आम्ही बघून आलोय म्हणून लिहायला बसले.

वॉरफरिन म्हणजे आधी उंदीर मारायचं औषध, माणसांना द्यायला लागले 1954 मध्ये, आणि बाबा आईला यावरून अजून चिडवतात. गोळी जुनी पण काम चोख, फक्त नखरे फार. आयएनआरची टेस्ट (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) सतत करायची, आईचं टार्गेट 2.5 ते 3.5, वर गेलं तर ब्लीडिंगची भीती, खाली आलं तर गुठळीची. पालेभाजी (तिच्यातलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या उलट काम करतं) एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं केलं की आकडा हललाच. दुसरी औषधं तर विचारूच नका. आईचं पोट बिघडलं म्हणून कुणीतरी मेट्रोनिडाझोल (इन्फेक्शनची गोळी, वॉरफरिनचा असर वाढवते) लिहून दिलं, आधीच्या गोळ्या कुठल्या ते विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही, चूक आमची पण आहेच.

सहाव्या दिवशी पहाटे आई उठली ती डोकं मागून फुटतंय म्हणत, मग उलटी. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर तिचा हात ग्लासच्या बाजूलाच पडत होता, दोनदा, तीनदा. तिथे माझी टरकली. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न हाच, कुठली गोळी आणि शेवटची कधी घेतली. आयएनआर 6.1, सीटीत छोट्या मेंदूत ब्लीड. व्हिटॅमिन के दिलं, पण त्याने लिव्हरला नवीन क्लॉटिंग फॅक्टर बनवायला काही तास लागतात म्हणून सोबत पीसीसी, म्हणजे तयार फॅक्टरच शिरेतून. आई वाचली. चालताना जरा झोकांडी जाते अजून.

मी लगेच न्यूरोच्या डॉक्टरांना म्हटलं, हिलाही बाबांची गोळी द्या ना. ते म्हणाले मेटल व्हॉल्व्हला चालत नाही. डॅबिगॅट्रॅन, जी अशीच नवीन गोळी, तिची या पेशंटांमधली ट्रायल मधेच थांबवावी लागली, गुठळ्याही जास्त आणि ब्लीडिंगही जास्त. म्हणजे आईला वॉरफरिनला पर्याय नाही, वाद संपला.

बाबांच्या गोळीचं मात्र कौतुक करावंच लागेल. 2011 च्या मोठ्या ट्रायलमध्ये 18,201 पेशंट होते, डोक्यातल्या ब्लीडिंगचं प्रमाण वर्षाला अ‍ॅपिक्सबॅनवर 0.33 टक्के आणि वॉरफरिनवर 0.80, म्हणजे निम्म्याहून कमी. आयएनआर नाही, पालेभाजीचा हिशोब नाही. पण टेस्ट नाही म्हणजे चुकवली तर पकडणारंही कुणी नाही! गोळीचा असर 12 तासांत निम्म्यावर येतो म्हणून दिवसातून दोनदा. एकदा स्ट्रिप मोजली तर तीन गोळ्या जास्त निघाल्या. "बाबा, तुम्ही संध्याकाळची घेत नाही का?" "अगं, बरं वाटतंय की." काय बोलणार. शिवाय किडनी तपासत राहावी लागते, डोस त्यावरही ठरतो.

आता खरा मुद्दा, ब्लीड झालंच तर काय. 2018 मध्ये अमेरिकेतल्या 1,41,311 ब्रेन हॅमरेज पेशंटांचा डेटा छापून आला. हॉस्पिटलमध्येच दगावले ते वॉरफरिनवाल्यांत 32.6 टक्के, नवीन गोळ्यांवाल्यांत 26.5, यातलं काहीच न घेणाऱ्यांत 22.5. नवीन बरी दिसते, पण चारातला एक जातोच की. आणि नुसत्या नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, मुळात कुणाला कुठली गोळी का दिली होती तो फरक त्यात राहतोच, आणि नवीन गोळ्या सगळ्या एकाच टोपलीत घातल्यात, म्हणून मी तरी यावरून अ‍ॅपिक्सबॅन चांगली की डॅबिगॅट्रॅन असं काही सांगणार नाही.

अजून एक, मला वाटायचं व्हिटॅमिन के सगळ्यांनाच चालतं. बाबांच्या गोळीवर त्याचा काही उपयोग नाही. डॅबिगॅट्रॅनचं स्वतःचं उतारा-इंजेक्शन आहे, इडारुसिझुमॅब, पण ते बाबांच्या गोळीला चालत नाही. म्हणून नाव नीट माहीत पाहिजे, नुसतं "रक्त पातळ करायची गोळी" सांगून भागत नाही.

वॉरफरिनला पाचपैकी 3, अ‍ॅपिक्सबॅनला 4, एक स्टार त्या तीन शिल्लक गोळ्यांसाठी कापला. आणि हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी बदलू किंवा बंद करू नका, प्लीज. बाबांच्या डब्यावर मी आता कागद चिकटवलाय, गोळीचं नाव, डोस, आणि खाली ते रोज पेनने वेळ लिहितात. कालची नोंद, रात्री 8:10, आणि शेजारी "घेतली गं बाई".